तापलो मी, बोल लागला बाबांच्या हाताला

मी एक जुना गेमिंग लॅपटॉप आहे, मित्रांनो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात म्हणे. मी होणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि का, ते तुम्ही ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात वेगवान प्रोसेसर बसवला. तो जोरात काम करू लागला की तापतो. ती उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्याकडे जाते आणि पंखा तिला बाहेर फेकतो. इतकी साधी गोष्ट. पण मला घडवणाऱ्यांना मी पातळ हवा होतो, कारण पातळ दिसलं की खपतं. म्हणून त्यांनी दुसरा पंखा काढून टाकला, नळी बारीक केली आणि तळाची जाळी अर्धी बुजवली. वर मात्र बटणांखाली लाल-निळे दिवे लावले. काळीज पैलवानाचं आणि नाक मुंगीचं, असा मी तयार झालो.

दुकानात मला घ्यायला दोघं भावंडं आली. त्यांचे बाबा जन्मभर बस चालवायचे. ड्युटीवरून आले की धाकट्या लेकीबरोबर जुन्या कन्सोलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. पुढे कन्सोल बंद पडला, लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. आणि आता बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "बोटांना रोज काम हवं. त्यांना आवडेल असं काहीतरी द्या." लेकीला तो गेम आठवला.

जुना गेम माझ्यावर चालवायला एम्युलेटर लागतो. एम्युलेटर म्हणजे त्या जुन्या कन्सोलचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. पण सोंग आणणं सोपं नसतं, मित्रांनो. मला माझंही काम करावं लागतं आणि त्या मेलेल्या यंत्राचंही, तेसुद्धा क्षणभर न थांबता. लेक हे सगळं नीट वाचून आली होती.

"याला पंखे किती?" तिने विचारलं. "एम्युलेटर तासभर सलग चालवला तर वेग टिकतो का?"

विक्रेत्याने उत्तर दिलं, पण तिच्या भावाकडे बघून. "सर, हा आमचा सगळ्यात खपणारा पीस. नुसता उचलून बघा, फूल आहे फूल!"

"मी पंख्यांचं विचारलं."

"ताई, गेमिंगचाच आहे हा. गरम कसा होईल?"

शेजारच्या फळीवर एक जाडजूड, काळा लॅपटॉप होता. दोन पंखे, तळाला भरपूर जाळी. लेकीने तो उलटा करून पाहिला. "दादा, हा घेऊया. याला श्वास घेता येईल."

"ही वीट घेऊन जायची घरी?" दादा हसला. विक्रेताही हसला. तिने तो परत फळीवर ठेवला. माझे दिवे झगमगत होते. विक्रेत्याने दोन मिनिटं गेम लावून दाखवला. दोन मिनिटं कुणीही पळतं!

घरी लेकीने स्वतःच्या जुन्या डिस्कवरून गेम माझ्यात घेतला, बाबांच्या हातात कंट्रोलर दिला आणि परत नोकरीच्या गावी जाताना दादाला बजावलं, "हा टेबलावरच ठेव हं. खालून हवा लागते त्याला."

तिची पाठ वळली आणि दादाने मला बाबांच्या पलंगावर, गोधडीवर ठेवलं. बाबांना उठायला नको म्हणून.

सुरुवातीच्या फेऱ्या झकास झाल्या. बाबांचा उजवा अंगठा थरथरत बटणावर गेला, गाडी वळली, आणि बाबा लहान मुलासारखे ओरडले, "वळली रे!" तेवढ्यात मी तापलो. गोधडीने माझं नाक बंद केलं होतं. तापलो की जळून जाऊ नये म्हणून मी आपोआप मंदावतो. ते माझ्या हातात नाही. आवाज तुटायला लागला, चित्र रेंगाळलं. बाबांनी बटण वेळेवर दाबलं, पण गाडी उशिरा वळली आणि कठड्यावर आदळली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"अरे, हे अडखळतंय," बाबा म्हणाले. "मी दाबतोय, पण ते ऐकत नाही."

दादाने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं!"

तो गमतीने बोलला होता. बाबाही कसनुसे हसले. पण मग ते आपल्या अंगठ्याकडे बघत बसले. अहो, अंगठा बरोबर होता! मी चुकत होतो! माझा पंखा जीव तोडून ओरडत होता. दादाने टीव्हीचा आवाज वाढवला.

रोज हेच. हळूहळू बाबांनी कंट्रोलर ठेवून दिला. मग दाबायचा स्पंजचा चेंडूही सोडला. चमचा डाव्या हातात गेला.

"बोटं मागच्या खेपेला चांगली वळत होती की," व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "सराव का सोडलात?"

"हात गेला बाई," बाबा म्हणाले. "रोज डोळ्यांनी बघतोय मी."

फोनवर ते लेकीला सगळं ठीक आहे म्हणून सांगायचे. ती सुट्टी काढून आली तेव्हा बाबा डाव्या हाताने जेवत होते. तिने ताट आवरलं आणि मला उघडलं. "बाबा, चला. एक डाव होऊन जाऊ दे."

"तूच खेळ. मला नाही जमत. दादा म्हणतो ते खरंय, नाचता येईना अंगण वाकडं."

ती खेळायला बसली. थोड्या वेळाने तिचीही गाडी कठड्यावर आदळली. तिने पुन्हा खेळून बघितलं. मग गोधडीत हात घालून माझ्या तळाला लावला आणि चटकन मागे घेतला. "दादा! इकडे ये. बस. खेळ."

दादा खेळला. आदळला. "हे अडखळतंय गं."

"मग नाच की! अंगणच वाकडं आहे, दादा! टेबलावर ठेव म्हणाले होते ना मी? तू याला गोधडीत गुंडाळलंस आणि वर बाबांना हसलास!"

"मला काय माहीत? तो विकणारा म्हणाला..."

"मी विचारत होते तेव्हा तू त्याच्याबरोबर हसत होतास. तो चांगला लॅपटॉप तुला वीट वाटला!"

तिने मला टेबलावर नेलं, दोन उपड्या वाट्यांवर टेकवलं. मी बरा पळालो, पण थोडाच वेळ. पुन्हा तापलो, पुन्हा मंदावलो. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

बाबा काठी टेकत टेबलापाशी आले होते. "म्हणजे... माझा हात नव्हता?"

"नाही, बाबा. हे यंत्र होतं."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "इतके दिवस मी माझ्याच हाताला शिव्या घातल्या!" आणि त्यांची मूठ माझ्यावर आदळली. माझं झाकण तडकलं.

 ती मूठ उजव्या हाताची होती. पुरती वळली नव्हती, करंगळी बाहेरच राहिली होती, पण ती उचलली बाबांनीच होती. त्यांनी मुठीकडे पाहिलं, मग मान खाली घातलेल्या दादाकडे.

"उभा काय राहिलास? जा, ती वीट घेऊन ये."

नवा लॅपटॉप आला. जाड, कुरूप, त्याचे पंखे घोंघावतात. त्यावर बाबा टेबलाशी बसून खेळतात आणि कधीकधी लेकीला हरवतातही. माझ्यावर दादा कामाचे कागद टाइप करतो. तेवढं मला झेपतं.

पण बाबांची करंगळी अजून वळत नाही. सराव सुटला नसता तर कदाचित वळली असती, असं बाई म्हणाल्या. शर्टाचं वरचं बटण लावायला बाबांना अजून कुणाला तरी हाक मारावी लागते. ती हाक ऐकली की माझा राग नव्याने पेटतो. मला पातळ करणाऱ्यांवर, मला विकणाऱ्यावर, मला गोधडीवर ठेवणाऱ्यावर.

मित्रांनो, वस्तू घ्याल तेव्हा तिच्याकडून काय काम करून घ्यायचंय ते आधी विचारा, आणि जो हा प्रश्न विचारत असेल त्याला हसू नका. घरी आणल्यावर तिला मोकळी हवा द्या. आणि घरातलं कुणी अडखळलं, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी तुम्ही त्या हातात काय दिलंय, ते एकदा हात लावून बघा.