झिफ्रोनचा काळा ठिपका

नकाशावर काळा ठिपका उमटला आणि हेंडनमधल्या त्या दिवाणखान्यात कुणाचा तरी हुंदका फुटला.

२००६ सालच्या मार्चमधली ती दुपार. जिन्याच्या पायऱ्यांपासून खिडकीच्या कठड्यापर्यंत माणसे दाटली होती. बहुतेक सारी मुंबईहून येऊन लंडनमध्ये स्थिरावलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबे, आणि शेजाऱ्यांच्या आग्रहाने रीडिंगहून आलेला रघुवीर हा एक पुणेरी संगणक अभियंता. टेबलावर प्राचीन कनान देशाचा नकाशा पसरलेला. स्वतःला द्रष्टा म्हणवणाऱ्या जोएल नवगावकरांनी प्रेषित एलियाहू हनबीचे नाव घेतले आणि शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, प्रार्थनेसाठी करतात तसले काळ्या मनुकांचे शरबत नकाशावर शिंपडले. सगळीकडे त्याचा फिकट तांबूस ओघळ दिसला. उत्तरेला, एकाच जागी, तो शाईसारखा काळा झाला.

“झिफ्रोन!” जोएल गरजले. “मोशेच्या ग्रंथात उत्तर सीमेवर एकदाच नाव आलेलं हे नगर! पंडित शोधून थकले. का? त्यांनी पुस्तकं चाळली, मी मन चाळलं! ही सीमा साधी नव्हे, जीवनाची सीमा आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी ज्याला लाभेल, त्याच्यासाठी मृत्यू पलीकडेच थांबेल.”

“Amazing!” रघुवीर लॅपटॉप उघडत म्हणाला. “अहो, सॅटेलाइट इमेजमध्ये तिथे चौकोनी भिंती दिसतायत. हे तर पूर्ण scientific आहे!”

“त्या मेंढवाड्याच्याही असू शकतात,” कोपऱ्यातून आयझॅक म्हणाले.

कुणीही तिकडे वळून पाहिले नाही. आयझॅकांनी आयुष्यभर लंडनच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते. निवृत्तीनंतर बायबलमधल्या स्थळांचा अभ्यास हेच त्यांचे व्यसन. त्यांच्या जुन्या अ‍ॅटलासात झिफ्रोनपुढे एक प्रश्नचिन्ह छापलेले होते, आणि त्या प्रश्नचिन्हाबद्दल त्यांना आदर होता. पण आज ते झिफ्रोनसाठी आले नव्हते. हे घर त्यांच्या धाकट्या बहिणीचे, फ्लोराचे होते. तिच्या छातीत गाठ निघाली होती. डिसेंबरात ठरलेली शस्त्रक्रिया तिने रद्द करवली होती, फेब्रुवारीतलीही. जोएल झऱ्याचे पाणी आणणार होते ना!

“मामा, आई माझा ऐकत नाही,” फ्लोराची मुलगी टालिया त्यांच्या कानाशी कुजबुजली. इंग्लंडात जन्मलेल्या त्या पोरीचे मराठी लंगडत असे. काळजी मात्र धडधाकट होती. “तुम्ही बोला ना.”

“बोलून झालं गं. आधी सगळ्यांना चहा दे.”

टालिया चहा-बिस्किटांचा ट्रे घेऊन टेबलापाशी येते न येते तोच जोएल ओरडले, “चहा? नकाशाच्या खोलीत चहा? मागे घे! अपवित्र होईल सगळं!”

ट्रे निमूटपणे मागे गेला. आयझॅकांच्या भुवया मात्र वर गेल्या. मराठी घरात पाहुण्याने चहा नको म्हणणे समजू शकते. पण चहाला भिणारा पाहुणा त्यांनी प्रथमच पाहिला. दुधाची अडचण नाही, बिस्किटांचा विटाळ नाही, आणि एकट्या चहाचेच वावडे? इथे नक्कीच पाणी मुरत होते.

ते उठले. ट्रेमधला एक कप उचलून टेबलापाशी गेले. जोएलांच्या उघड्या पिशवीतून, पुढच्या बैठकीसाठी आणलेला दुसरा कोरा नकाशा त्यांनी काढला, टेबलावर पसरला आणि वर कप उपडा केला.

“दादा!” फ्लोरा किंचाळली.

उत्तरेकडे, त्याच जागी, काळा ठिपका उमटला. प्रार्थना नाही, हनबीचे नाव नाही. दूध-साखर घातलेला चहा तेवढा.

“आता हे पाहा.” आयझॅकांनी आपला अ‍ॅटलास उघडला आणि उरलेले शरबत जड मनाने त्याच्या पानावर ओतले. पान तांबूस झाले. प्रश्नचिन्ह होते तिथेच राहिले.

“श्रद्धा नाही तिथे हनबी येत नाही!” जोएल म्हणाले.

“आणि चहात येतो?” आयझॅक म्हणाले. “मंडळी, आपले पूर्वज हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करत. तुरट पदार्थाला लोहाचा क्षार भेटला की काळा रंग होतो. मनुकांच्या साली-बिया तुरट, चहाही तुरट. यांनी हिराकसाच्या पाण्याचा थेंब नकाशावर आधीच वाळवून आणलाय. फ्लोरा, रक्त वाढायला डॉक्टरांनी तुला ज्या गोळ्या दिल्या आणि तू कचऱ्यात टाकल्यास, त्यांतही हेच लोह असतं.”

रघुवीरने लॅपटॉप हलकेच मिटला. जोएल आपली पिशवी आवरून, “शाप लागेल!” म्हणत बाहेर पडले. कुणी त्यांना अडवले नाही. उलट एक वृद्ध बाई आयझॅकांवरच चिडल्या, “तुम्हाला चारचौघांत शहाणपणा मिरवायचा होता ना? झालं समाधान?”

फ्लोराने मात्र दोन्ही ठिपक्यांवर बोट टेकवले. मग म्हणाली, “दादा, तू माझं गाव पुसलंस. आता मी जाऊ कुठे?”

“हॉस्पिटलात. उद्या सकाळी. मी सोबत येतो.”

ती हॉस्पिटलात गेली. तपासण्या झाल्या. डिसेंबरात गाठीपुरता असलेला आजार आता यकृतापर्यंत पोहोचला होता. “तेव्हा आला असतात तर...” सर्जन म्हणाला.

“आता किती दिवस?” फ्लोराने विचारले.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “उपचार सुरू करू, आणि पाहू.”

घरी परतताना कारमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “‘माहीत नाही’ असं मला गेल्या चार महिन्यांत कुणीच म्हणालं नव्हतं, दादा. म्हणालं असतं, तर मी वेळेत घाबरले असते.”



जोएल नवगावकर हल्ली दुसऱ्या शहरात असतात. नकाशा नवा, नगर नवे, शरबत तेच. वाचकहो, झिफ्रोन सापडले नाही म्हणून आजवर कुणाचे काही बिघडलेले नाही. ते सापडल्याच्या खोट्या आनंदाने मात्र एक बाई मरणाच्या दारी पोहोचली. अज्ञानापुढे प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा. आणि जो तुम्हाला ठिपका दाखवील, त्याच्या नकाशावर आधी चहा सांडून पाहा.