उरलेला फरक

"मॅडम, अजून किती फेऱ्या? धरण आम्ही बांधायचं, की तुमच्या निवृत्तीची वाट बघत बसायचं?" विभागप्रमुखाने सगळ्यांसमोर विचारलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

तिने मान वर केली नाही. कधीकाळी हा तिच्याच हाताखाली शिकला होता. आता तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होता.

भांडण धरणाच्या भिंतीवर येणाऱ्या ताणाच्या गणिताचं होतं. लाखो समीकरणं, पण प्रत्येकाचा संबंध फक्त आजूबाजूच्या दोन-चार समीकरणांशी. म्हणून भिंतीचे पट्टे पाडून ते शेकडो संगणकांना वाटून द्यायचे. प्रत्येकाने अंदाजे उत्तर धरायचं, कडेचे आकडे शेजाऱ्याला द्यायचे, त्याचे घ्यायचे, उत्तर सुधारायचं, की पुन्हा तेच. तिच्या प्रोग्रॅममध्ये दर फेरीला सगळे एकमेकांसाठी थांबत. त्याच्या नव्या प्रोग्रॅममध्ये कुणी कुणासाठी थांबत नसे; शेजाऱ्याचा आकडा शिळा असला तरी तोच घेऊन पुढे.

"उत्तर भरकटेल," असं ती प्रत्येक बैठकीत म्हणाली होती, आणि प्रत्येक बैठकीत त्याने तिला म्हातारी ठरवलं होतं.

आज दोन्ही प्रोग्रॅम एकदमच सुरू केले होते. त्याचा जेवणाआधीच संपला.

"तपासा," संचालक तिला म्हणाले. "तुमच्या सहीशिवाय मी हे पुढे पाठवणार नाही."

तिला तेच हवं होतं. त्याचं उत्तर तिने मूळ समीकरणांत घातलं आणि दोन्ही बाजूंत उरलेला फरक काढला. फरक नगण्य होता. भिंतीच्या तळाचा नाजूक भाग तिने वेगळा तपासला. तिथेही काही सापडेना. 'शंका आहे' एवढं लिहिलं असतं तरी त्याचं काम लटकलं असतं. लिहायला हात शिवशिवत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि सही केली.

"मग दोन वर्षं माझ्या पायात पाय कशाला घातलात?" तो तडकला.

"खाली वस्ती आहे. तुझ्यावर माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही. या उत्तरावर आहे."

"मग तुमचा तो रडतखडत चाललाय, तो बंद करतो. मशिनं अडकून पडलीत." त्याने कीबोर्डकडे हात नेला.

"हात लावू नकोस."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि चालू फेरी पूर्ण होऊ दिली. शेवटच्या पट्ट्याचे आकडे आल्यावरच तिने स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम थांबवला.