मामंजींचा जुना मीटर

माझी धाकटी जाऊ आमच्या दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागली आणि गिऱ्हाइकांना मी दिसेनाशी झाले. जो तो दारातूनच विचारतो, त्या धाकट्या बाई आहेत का? आणि मी समोर बसलेली असते हो! मामंजी आता थकलेत. दुकानाच्या किल्ल्या दोघींपैकी एकीला देणार म्हणाले, तेव्हापासून मी तिची चूक शोधत होते.

माझ्याकडे मामंजींचा स्वतःचा, व्होल्टेज मोजायचा काट्याचा मीटर. हिनं आकडेवाला नवा आणलाय. मिरवते नुसती.

परवा तिनं शिंप्याचा इन्व्हर्टर दुरुस्त करून ठेवला. ती चहा टाकायला गेली तशी मी माझा मीटर लावला. एकशे नव्वद व्होल्ट! यायला हवेत दोनशे तीस. मला कोण आनंद झाला. तिला एका शब्दानं बोलले नाही. शिंपी आला, मामंजी आले, मग म्हटलं, बघा तुमच्या लाडक्या सुनेचं काम.

मामंजींनी दोन्ही मीटर आधी भिंतीतल्या प्लगला लावले. दोन्हींवर दोनशे तीस. मग इन्व्हर्टरला. माझ्यावर एकशे नव्वद, तिच्यावर दोनशे तीस. ते चक्रावले. जावेनं खाली बघत समजावलं, की भिंतीतली वीज गोलाईनं वरखाली होते आणि या साध्या इन्व्हर्टरची पायऱ्यापायऱ्यांनी. जुना मीटर सगळी वीज गोलाईचीच धरून चालतो, म्हणून इथं कमी दाखवतो. नवा खरी मोजतो.

मामंजी माझ्याकडे वळले. "मग तू इतके दिवस काय करत होतीस?"

काय करणार? काटा दोनशे तीसवर येईपर्यंत आतला स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवत होते. प्रत्येक इन्व्हर्टरचं.

"पंखे गुणगुणतात, बल्ब उडतात म्हणून लोक परत यायचे," जाऊ म्हणाली. "मी स्क्रू मागे घेऊन देत होते. ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे तिला विचारत येणारी ती गिऱ्हाइकं माझ्याच हातची.

मामंजींनी किल्ल्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं त्या माझ्याकडे सरकवल्या, ताई मोठ्या आहेत म्हणाली. शिंपी कौतुकानं बघत राहिला. जळून खाक झाले मी. भांडली असती तर परवडलं असतं. हाही मोठेपणा हिनंच घ्यायचा? मी किल्ल्या उचलल्या आणि तिच्या मुठीत कोंबल्या.