नादमहर्षींचा जागृत हेडफोन

फर्निचरच्या दुकानावर जो लांबट हॉल आहे, तिथे त्या रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच संपल्या होत्या. मागची मंडळी भिंतीला टेकून उभी होती आणि पुढची मंडळी रडत होती. दुःखाने नव्हे, आनंदाने. ज्याच्या कानांवर हेडफोन चढे त्याचे डोळे मिटत, मान डोलू लागे आणि बघता बघता गालावरून पाणी ओघळे. ते पाहून ज्यांच्या कानांवर अजून काहीच चढलेलं नव्हतं, तेही नाक पुसू लागत. रडण्याची लागण जांभईपेक्षाही लवकर होते.

मंचावर नादमहर्षी बसले होते. ही पदवी त्यांना कोणी दिली, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. अंगावर मोरपिशी शाल, बोटांत अंगठ्या, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या कानात कोणीतरी कोमट तेल सोडतंय.

"बंधूंनो, भगिनींनो," ते म्हणत होते, "बाजारातला हेडफोन हा मेलेला असतो. प्लास्टिकचं प्रेत! ते तुम्ही रोज कानांना लावून हिंडता. मग कान वाजणार नाहीत तर काय होणार? मेलेलं यंत्र कानाला ऐकवतं. जागृत यंत्र आत्म्याला ऐकवतं!"

समोर टेबलावर दोन हेडफोन होते. दिसायला भाऊ-भाऊ, फक्त एकावर सोनेरी चकती चिकटवलेली. बाजूला तांब्याच्या पत्र्याने मढवलेली एक पेटी. गाणं तिच्यातून निघे. आधी साधा हेडफोन तिला जोडून माणसाला गाणं ऐकवायचं. मग जागृत हेडफोन जोडायचा, नादमहर्षींनी उजव्या हाताने त्या माणसाच्या डोक्यावरून तांब्याचा पेला फिरवायचा, डावा हात शालीखालून पेटीवर ठेवून घशातल्या घशात गुणगुणायचं, आणि तेच गाणं पुन्हा लावायचं. झालं! माणूस विरघळलाच.

मी तिथे गेलो होतो तो आत्याची पिशवी धरायला. माझी आत्या म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यापुढे शाळा तपासायला आलेले अधिकारीसुद्धा खिशातले हात बाहेर काढून उभे राहत. आतोबांच्या माघारी जुनी गाणी हीच तिची सोबत उरली होती, आणि तिथेच नेमका घोटाळा झाला होता. तिच्या कानांत सतत रातकिड्यांसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी श्रवणयंत्र घ्या म्हणून सांगितलं होतं आणि हेडफोनचा आवाज बारीक ठेवायची ताकीद दिली होती. आत्याने दोन्हींवर फुली मारली होती. "श्रवणयंत्र लावलं की माणसं माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलल्यासारखी बोलतील," ती म्हणायची.

ती मंचावरून उतरली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"अरे, त्या गाण्यात मागे सारंगी आहे! इतकी वर्षं ऐकतेय, मला पत्ताच नव्हता!"

"आत्या, सारंगी आधीही होतीच की."

"होती, पण मला कुठे ऐकू येत होती? जा, तू ऐकून ये. नुसता दारात उभा राहून शहाणपणा शिकवू नकोस."

गेलो. बसलो. खोटं कशाला सांगू, मलाही फरक जाणवला. साध्या हेडफोनमध्ये गाणं शेजारच्या घरात चाललंय असं वाटत होतं. जागृत लावला आणि गाणाऱ्या बाई जणू माझ्याच शेजारी येऊन बसल्या. मी खाली उतरलो. शेजारी उभे असलेले आमच्या गल्लीतले शिंपीकाका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मी मागच्याच खेपेला घेतला. हातात घेऊन बघा, कसा भरीव लागतो! बाजारातले म्हणजे नुसती फोलपटं."

किंमतही भरीवच होती; ऐकून माझी शुद्ध हरपायची वेळ आली. पण आत्याने नवीन फ्रिजसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले. जुना फ्रिज तिच्या स्वयंपाकघरात खडखडत राहिला आणि जागृत हेडफोन घरात आला.

घरी मात्र चमत्कार घडेना. आत्याने मोबाइलला जोडून गाणं लावलं. सारंगी पुन्हा गायब. तिने नादमहर्षींना फोन केला. पलीकडून तेच कोमट तेल ओघळलं: "ताई, नाद मुरायला वेळ लागतो. आवाज पूर्ण उघडा. दिवसभर ऐका. आणि कानात काही औषध घालत असाल तर ते बंद करा. औषधाने नाद आंबतो."

आत्याने आवाज पूर्ण उघडला. सारंगी आली. मग आत्या सकाळी पोळ्या लाटताना, दुपारी पेपर वाचताना, संध्याकाळी बाल्कनीत बसून ऐकू लागली. शेजारी उभं राहून मलाही गाण्याचे शब्द कळत. त्याच आठवड्यात एकदा मी बराच वेळ बेल वाजवून शेवटी शेजारणीकडची किल्ली आणून दार उघडलं. आत्या हेडफोन मांडीवर ठेवून खुर्चीत बसली होती. गाणं बंद होतं.

"आत्या, बेल वाजवत होतो मी."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "रातकिड्यांचा आवाज खूप वाढलाय रे. काहीच ऐकू येत नाहीये मला."

मुलींच्या अख्ख्या शाळेला धाकात ठेवणारी ती बाई अशी घाबरलेली मी प्रथमच पाहिली.

त्याच दुपारी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाईंना गावात सगळे 'कानकोरणी' म्हणतात. एकदा एखाद्या गोष्टीत शिरल्या की तळाशी जाऊनच बाहेर येतात. त्यांनी आत्याचे कान तपासले, काचेच्या खोलीत बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले, आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तिच्यापुढे धरलं: "कान दमलेत. विश्रांती दिली तर बरेचसे सावरतील. असंच चालू ठेवलं तर नाही."

मग त्यांनी तो हेडफोन उचलला, तळहातावर तोलला, दोन्ही वाट्या कानांशी नेऊन हलवल्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"यांचा पुढचा सोहळा कधी आहे?" त्यांनी मला विचारलं. "मलाही आत्मा जागा करून घ्यायचाय."

पुढच्या सोहळ्यापर्यंत विश्रांतीने आत्याला बरंच ऐकू येऊ लागलं होतं. तरी ती गप्प-गप्प होती. डॉक्टरांवर विश्वास बसत होता, पण सारंगी खोटी होती हे मन मानत नव्हतं.

हॉलमध्ये पुन्हा तीच गर्दी. कानकोरणी साधी साडी नेसून, चेहरा अगदी भोळा करून मंचावर गेल्या.

"महाराज, माझा पेशाच कानांचा. पण असं नवल मी पाहिलं नाही. एक छोटीशी हौस आहे, पुरवाल?"

"बोला ताई, नाद सर्वांचा आहे."

बाईंनी पर्समधून एक वीतभर लांबीचं काळं यंत्र काढलं. "हे आवाज मोजतं. कारखान्यात कामगारांच्या कानांना त्रास होतोय का, ते बघायला वापरतात. जागृतीने आवाजात काय बदल होतो, एवढं मला बघायचंय."

कोमट तेल एकदम गार पडलं. "ताई, आईच्या मायेला मोजपट्टी लावता का कुणी? हा श्रद्धेचा प्रांत आहे!"

"खरंय! खरंय!" लोक ओरडले. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंना खाली उतरवा!"

तेवढ्यात पहिल्या रांगेत आत्या उठून उभी राहिली. शाळेच्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो जुना आवाज.

"शांत बसा सगळे! त्यांना मोजू द्या. परीक्षेला घाबरतो तो अभ्यास न केलेला. महाराज, तुमचा अभ्यास झालाय ना?"

ओरडणारे खाली बसले. नादमहर्षी हसले, पण अंगठ्यांशी चाळा सुरू झाला होता. नाही म्हणणं आता अवघड होतं.

साध्या हेडफोनवर गाणं लागलं. बाईंनी यंत्र हेडफोनच्या वाटीत धरलं आणि आकडा सर्वांना दाखवला. मग पेला फिरला, गुणगुणणं झालं, जागृत हेडफोनवर तेच गाणं लागलं. आकडा चढलेला.

"बघा! शक्ती!" शिंपीकाका आनंदाने ओरडले.

"शक्तीच," बाई म्हणाल्या. "आता तीच शक्ती महाराजांनी पेटीवरचा डावा हात डोक्यावर ठेवून दाखवावी."

"पेटीला माझा स्पर्श लागतो!"

"मग शाल तरी बाजूला करा."

शाल कोणी ओढली म्हणाल, तर मी. पिशवी धरायला आलेल्या माणसाचा काहीतरी उपयोग व्हायलाच हवा होता. पेटीच्या मागच्या अंगाला, महर्षींच्या अंगठ्याखाली, आवाज कमी-जास्त करायचा छोटासा गोल खटका होता.

हॉलमध्ये कुजबुज उठली. बाई मात्र शांतपणे सांगू लागल्या, "आपला कान फसवायला फार सोपा असतो. तेच गाणं जरासं मोठं करा. कानाला ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. भरदार, स्वच्छ, जवळचं. बारीक वाजणारी वाद्यं वर येतात. सारंगी खरीच होती, आत्याबाई. तुम्हाला ऐकू आली तीही खरीच. फक्त ती चकतीतून आली नव्हती, खटक्यातून आली होती."

मग त्यांनी दोन्ही हेडफोनचा आवाज यंत्राने मोजून सारखा केला. ज्याला यायचं त्याने मंचावर यायचं, डोळ्यांवर रुमाल बांधायचा, आणि जागृत कोणता ते सांगायचं. हेडफोन बाई स्वतःच्या हातांनी कानांशी धरत होत्या. लोक ठामपणे सांगत आणि निम्मेअधिक चुकत. एक गृहस्थ तर साध्या हेडफोनला जागृत म्हणून ढसाढसा रडले. शेवटी बाई म्हणाल्या, "महाराज, आता तुम्ही."

"माझं आज मौन आहे."

"तुम्ही मघापासून बोलताय," आत्या म्हणाली. "बसा."

महर्षींच्या डोळ्यांवर रुमाल बांधला गेला. पहिला ऐकला, दुसरा ऐकला. बराच वेळ मान डोलावून त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं, "हा! हा माझ्याशी बोलतोय!" रुमाल काढला. पहिल्यावर चकती नव्हती.

हशा असा उसळला की खालच्या दुकानातला मालक जिना चढून बघायला आला. शिंपीकाकांना मात्र हसू येत नव्हतं. "तुम्ही कानांशी धरलात म्हणून," ते म्हणाले. "हातात दिला असता तर मी झटक्यात ओळखला असता. तो जड आहे ना!"

"शाब्बास!" बाईंचे डोळे चमकले. "मग जड का आहे, ते बघू या."

आत्याने पिशवीतून स्वतःचा जागृत हेडफोन काढून पुढे केला. "माझा उघडा."

बाईंनी कानाची गादी सोलून काढली, आतले स्क्रू फिरवले. आत आवाज देणारी छोटी गोल तबकडी होती. साधा उघडला तर त्यातही हुबेहूब तीच, त्याच छापाची. जागृतमध्ये एकच गोष्ट जास्त होती: डिंकाने चिकटवलेला लोखंडी नट. पलंगाच्या पायाला असतो तसला.

आत्याने तो चिमटीत धरून उंच केला. "हाच का आत्मा, महाराज?"

महर्षी उठून म्हणाले, की अश्रद्धांच्या सावलीत नाद रुसतो. त्यावर शिंपीकाका जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नाद रुसू दे. आमचे पैसे हसत द्या." ज्यांनी ज्यांनी हेडफोन घेतले होते, ते सगळे काकांमागे उभे राहिले. महर्षींनी सर्वांचे पैसे परत केले आणि नंतर ते या भागात दिसले नाहीत.

आत्याच्या कानातले रातकिडे पूर्ण गेले नाहीत. ते जायचेही नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. पण ऐकू येणं बरंच सावरलं. एका कानाला आता श्रवणयंत्र आहे. कोणी लाडिक आवाजात बोलू लागलं की ती ते काढून टेबलावर ठेवते आणि म्हणते, "हं, आता बोला."

मग आम्ही तिच्यासाठी नवा हेडफोन घ्यायला गेलो. आत्याने दुकानदाराला घाम फोडला. आपल्या पाठ असलेल्या गाण्याशिवाय दुसरं काही ऐकायला तयार नाही. प्रत्येक हेडफोनचा आवाज सारखा करायला लावला. गादी कानाभोवती नीट बसते का, डोकं आवळत नाही ना, म्हणून एक हेडफोन लावून दुकानातच मासिक वाचत बसली. वायर तुटली तर वेगळी मिळते का, गादी बदलता येते का, हे खोदून खोदून विचारलं. दुकानदाराने चकचकीत डब्यातला महागडा पुढे केला. आत्याने डोळे मिटून तो आणि आधी लावलेला, दोन्ही ऐकले आणि मधल्या किमतीचा, दिसायला अगदी गरीब असा हेडफोन उचलला. उरलेल्या पैशांत नवा फ्रिज आला.

तुम्हाला हेडफोन घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. खिसा लहान असला तरी चांगला मिळतो. शोधायला थोडा वेळ द्यावा लागतो, इतकंच. ओळखीचं गाणं न्या, आवाज सारखा ठेवा, डोळे मिटा. फरक कळला नाही तर जास्त पैसे देऊ नका, आणि कळला तर तो कशामुळे आहे ते विचारा. आवाज बेताचा ठेवा. कान बाजारात मिळत नाहीत. आणि यंत्र असो, औषध असो की माणूस, तपासून बघू का म्हटल्यावर जो श्रद्धेचा हवाला देऊन हात झाकतो, त्याचा हात आधी बघा. त्यासाठी महर्षी व्हावं लागत नाही. प्रश्न विचारायचं धाडस पुरतं.