एका झटक्यात चालणारी टाकी

आमच्या घरच्या संडासाला सगळी बिल्डिंग 'कारखाना' म्हणते. म्हणोत बापडे. मी प्लंबर माणूस. पस्तीस वर्षं लोकांच्या टाक्या दुरुस्त केल्या आणि स्वतःच्या घरची एक टाकी कधी धड ठेवली नाही, हे खरंच आहे. दिव्याखाली अंधार कसा असतो ते बघायचं असेल तर आमच्याकडे या. फ्लशच्या टाकीचं झाकण बारा महिने उघडं, माझा हात कोपरापर्यंत आत, आणि दाराबाहेर आमची ही बादली घेऊन ताटकळत उभी. लोक मला थेंबमास्तर म्हणतात. कुणाच्याही घरी गेलो की चहाच्या आधी मी टाकीचं झाकण उचलून बघतो, गळतेय का ते. सवय आहे, त्याला काय करणार?

ही म्हणजे माझी बायको. दोन वर्षं झाली, ती घरात नाही.

घाबरू नका, ठणठणीत आहे. लेकीकडे आहे, इथून बसनं नऊ तास. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली आणि तिथंच राहिली. का राहिली ते सांगतो. त्यात चूक माझी आहे आणि ती मी आजवर कुणापाशी कबूल केलेली नाही.

तिला न्यायला विहीणबाई स्वतः आल्या होत्या. बाई टापटिपीच्या, बोलणं अगदी मोजूनमापून. आल्या, बसल्या, चहा झाला, मग संडासात गेल्या. बराच वेळ आतून खटखट ऐकू येत होती. शेवटी दार उघडलं आणि विहीणबाई बाहेर आल्या त्या फ्लशचं हँडल हातात घेऊनच. ते त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "हे निघून आलं."

मला हसू फुटलं. खो-खो हसलो. हिच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं, ते नाही बघितलं.

नंतर स्वयंपाकघरात ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलली. ती ओरडली तर मी घाबरत नाही, हळू बोलली की घाबरतो. "या घरातली टाकी ज्या दिवशी एका झटक्यात चालेल ना, त्या दिवशी कळवा. त्या दिवशी येईन. त्याआधी नाही."

"बरं," मी म्हटलं.

बरं काय बरं! अशा वेळी माणसानं पाय धरावेत. मी ते हँडल उजेडात धरून बघत होतो, खिळा कुठून निसटला म्हणून.

आता माझं वेड काय आहे तेही सांगतो, नाहीतर नुसताच वेडा ठरेन. साध्या टाकीत तळाशी एक रबरी झाकण असतं. हँडल दाबलं की ते उचललं जातं, मग पाण्यावर तरंगत राहतं आणि टाकी रिकामी झाल्याशिवाय खाली बसत नाही. काम तांब्याभर पाण्याचं असो नाहीतर बादलीभर, जातात ते नऊ लिटर. मला हवं होतं असं की हँडल दाबून धराल तेवढंच पाणी जावं, हात सोडला की झाकण खाली आणि पाणी बंद. ऐकायला सोपं आहे. झाकण जड केलं तर पटकन बसतं, पण हँडल दाबायला पैलवान बोलवावा लागतो. हलकं केलं तर नीट बसत नाही आणि दिवसभर गळतं. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि हे वेड लागलं ते हिच्यामुळेच. लग्नानंतरची आमची पहिली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. नळ खाली, पाणी सकाळी तासभर. मी पहाटेच कामावर जायचो, म्हणून बादल्या घेऊन जिने चढायची ती ही. लेक पोटात होती तेव्हासुद्धा. एकदा मी सुट्टीवर घरी होतो. हिनं दोन बादल्या वर आणल्या, एक टाकीत ओतली आणि भिंतीला टेकून श्वास घेत उभी राहिली. मी आत गेलो, काम तांब्याभराचं, आणि हँडल दाबलं. तीन जिने चढून आलेली अख्खी बादली घडाघडा निघून गेली. तिनं रिकामी बादली उचलली आणि परत खाली गेली. मी टाकीत डोकावून बघत राहिलो, हे पाणी अडवायचं कसं म्हणून. बादली तिच्या हातातून घ्यावी, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवसापासून मी ही टाकी सुधारतोय. तिच्यासाठी. हे मी तिला कधी सांगितलं नाही, तिला वाटतं मला टाकीच जास्त प्रिय.

ती गेल्यावर मी कामाला जुंपलो. दुसरं करणार काय? घर खायला उठायचं. तिचा कप तसाच खिळ्याला टांगलेला, दाराबाहेर तिची बादली, ती मी उचलली नाही. दुपारी जेवायला बसलो की अर्धं वाक्य बोलून जायचो, "अगं, मीठ जरा..." आणि मग स्वतःच उठायचो. आठवण यायची, हे सरळच सांगतो. भूक लागते तशी यायची, रोज आणि वेळेवर. रविवारी फोन व्हायचा. नातू काय बोलला, जावईबापूंचा खोकला, माझी गुडघेदुखी. शेवटी ती विचारायची, "टाकी?" मी म्हणायचो, "होतंय." ती म्हणायची, "बरं." की फोन बंद.

माझी परीक्षा ठरलेली होती. ओल्या कागदाचे बारा गोळे भांड्यात टाकायचे, एकदाच हँडल दाबायचं, बाराच्या बारा गेले पाहिजेत. महिनोन् महिने त्यातले दोन-तीन तरंगत वर यायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, जमलं. रबरी झाकणाला एक पितळी नट बांधला आणि हँडलचा दांडा चार बोटं लांब केला, म्हणजे जड झाकणही हलक्या हातानं उचललं जातं. बारा गोळे गेले. हात सोडला, पाणी बंद. मोजलं तर सहा लिटर. भांड्याच्या आतल्या कडेला कोरडा कागद धरून तासभर बसलो, थेंब नाही. एकटाच टाळ्या वाजवून नाचलो. शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली.

फोन हातात घेतला. तिचा नंबर लावणार, तेवढ्यात मनात आलं, सहा? दोन वर्षं बाईला ताटकळत ठेवायचं आणि सांगायचं काय, तर सहा? तेव्हा खरं तर एकच वर्ष झालं होतं, पण मला ते तेव्हाच दोनसारखं वाटत होतं. म्हटलं, खालचं भोक थोडं रुंद केलं तर कमी पाणी जोरात जाईल. चारपर्यंत येईल. पंधरा दिवसांचं काम. चार झाले की कळवू, ताठ मानेनं.

ही झाली सांगायची गोष्ट. खरं आत वेगळंच होतं. टाकी झाली असं कळवलं आणि ती आली नाही तर? टाकी अपुरी होती तोवर ती टाकीसाठी थांबलीय असं म्हणता येत होतं.

पंधरा दिवसांचं वर्ष झालं. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला माझा जुना दोस्त. एकदा वायसर मोजून देता देता म्हणाला, "मास्तर, वहिनींना आणायचंय की पाणी वाचवायचंय? एक काय ते ठरवा." मी त्याला म्हटलं, तू तुझे वायसर मोज.

गेल्या रविवारी दुपारी चार लिटर झाले. तीनदा करून बघितलं. मग फोन लावला.

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"अगं टाकी! एका झटक्यात. चार लिटर!"

ती म्हणाली, "खरंच?" इतक्या वर्षांत तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. नव्या नवरीसारखा. "चार म्हणजे चांगलं ना हो?"

"चांगलं काय विचारतेस! गेल्या वर्षी सहा होते, तिथून खाली आणले."

जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"गेल्या वर्षी?"

"म्हणजे, चालत होती. पण सहा लागायचे."

"एका झटक्यात चालत होती?"

"हो."

"गेल्या वर्षी."

एरवी रविवारी त्यांच्याकडे टीव्ही आणि नातवाचा धुडगूस असतो, त्या दिवशी लेक-जावई त्याला घेऊन बाहेर गेले होते. घर शांत होतं. आणि त्या शांततेत मला ते ऐकू आलं. तिच्या मागून, बारीक, न थांबणारं, सूंऽऽ करत जाणारं पाणी. हे कान पस्तीस वर्षांचे मुरलेले आहेत.

"तुमची टाकी गळतेय," मी म्हटलं.

"हे सुचलं तुम्हाला आत्ता?"

"कधीपासून?"

"झाले दहा महिने."

"दहा महिने! अगं दिवसाला शंभर लिटर जात असेल! दहा मिनिटांचं काम, एक रबरी वायसर बदलायचा. जावईबापू काय झोपा काढतात?"

"दोनदा प्लंबर बोलवत होते. मीच नको म्हटलं."

"का?"

"म्हटलं, आमच्या घरात प्लंबर आहे. ते येतील." तिच्या श्वासात पाणी होतं की मागच्या टाकीत, मला कळेना. "लेक म्हणायची, बाबांना फोनवर सांगते, पाणी वाया जातंय म्हटलं की धावत येतील. मी तिला शपथ घातली. पाण्यासाठी धावत आलेले नको होते मला."

आणि तिनं फोन ठेवला.

मी संडासात गेलो, टाकीचं पाणी बंद केलं आणि चार लिटरचं ते सगळं यंत्र, दांडा, नट, रबर, सोडवून काढलं. जुन्या टॉवेलात गुंडाळलं. नेऊन लेकीकडे बसवायचं होतं. मग काय झालं कोण जाणे, तो गठ्ठा मी ओट्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला. पिशवीत दोन शर्ट टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

चारच्या सुमाराला पोचलो. लेक-जावई कामावर होते. दार हिनंच उघडलं. केस बरेच पांढरे झालेत. दर रविवारी फोनवर आवाज तोच असतो, त्यामुळे माणूस म्हातारं होतंय हे लक्षातच येत नाही. मागच्या खोलीत नातू झोपला होता. पॅसेजमधून ते सूंऽऽ ऐकू येत होतं, फोनवर आलं होतं त्याहून मोठ्यानं.

"पिशवी एवढीशी?" ती म्हणाली. "हत्यारं?"

"नाही आणली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि चहा ठेवला. मी तिच्यामागून स्वयंपाकघरात गेलो, स्टुलावर बसलो. वाटेत उजव्या हाताला संडासाचं दार होतं. माझे पाय तिकडे वळले होते, खोटं कशाला बोलू? ओढून आणले.

चहा समोर आला तेव्हा मी तिला ते सांगितलं. तिसरा मजला, दोन बादल्या, भिंतीला टेकलेली ती, तांब्याभराच्या कामाला गेलेली बादली. म्हटलं, हे सगळं त्या दिवशी सुरू झालं. तुझ्यासाठी.

"आठवतंय मला," ती म्हणाली. "तुम्ही टाकीत डोकावत होतात."

"हो."

"मी जिना उतरताना मागं बघत होते." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला नऊ लिटरही चालले असते हो. तुम्ही फक्त बादली घ्यायला यायला हवं होतं."

आतून रोजचं शंभर लिटर पाणी जात होतं, एक वायसर, दहा मिनिटांचं काम.

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होतोय."

मी चहा घेतला. टाकी गळत होती. मी उठलो नाही.