बर्फ न धरणारं डांबर

ठाण्यात बर्फ बघायचा तर गोळ्याच्या गाडीवर. आणि मी तीन वर्षं माजिवड्याच्या लॅबमध्ये बसून, रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून डांबरात घालायची पावडर बनवतेय. सगळे हसतात. हसू देत, माझं काय जातंय.

त्या दिवशी हिमाचलहून रस्त्यांचे इंजिनियर ठाकूरसाहेब चाचणी बघायला आलेले. पसंत पडली तर त्यांच्या घाटात एक किलोमीटर आमच्या पावडरीचा, नाहीतर कंपनी हे कामच गुंडाळणार होती. चाचणीसाठी कल्याणच्या मार्केटमधलं कोल्ड स्टोरेज घेतलेलं. मटारच्या पोत्यांशेजारी डांबराच्या दोन लाद्या, एक साधी, एक पावडरवाली. वर पाणी ओतून गोठवायचं आणि कुठला बर्फ सुटतो ते खरवडून बघायचं.

दोन्हींवरचा सुटला.

"साधंच डांबर एवढं चांगलं, मग पावडर कशाला?" ठाकूरसाहेब हिंदीत म्हणाले. माझं डोकंच फिरलं. साध्या लादीवर बोट फिरवून चाटलं, तर खारट. कडेला मोहरीचे दाणे. मी सगुणाताईंकडे बघितलं. माझ्या सीनियर, केमिस्ट्रीत एम.एस्सी., आणि पर्समध्ये मीठमोहरीची पुडी.

"लाद्यांची दृष्ट काढलीत ताई? मिठाने बर्फ वितळतो हे आता मी शिकवू तुम्हाला?"

साहेबांसमोरच बोलले. लपवून काय उपयोग, मी साहेबांना सगळं सांगून टाकलं.

"मीठ आम्हीही टाकतो," ते म्हणाले. "पाण्याबरोबर वाहून जातं. लाद्या धुवा, परत गोठवा."

धुतल्या, गोठवल्या. आता साध्या लादीवर खरवडणी वाकायची वेळ आली. माझ्या लादीवरचा बर्फ मात्र पापुद्र्यासारखा निघाला. परत धुतली, परत तेच. साहेबांनी तिथेच किलोमीटर मंजूर केला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "तरी ताई, लादीची दृष्ट कोण काढतं?"

"लादीची कुठे? तू वाकून पाणी ओतत होतीस, मागून तुझी काढली. आठवडाभर धड जेवली नाहीस, पायल. थंडीने माझी बोटं आखडली आणि मीठ लादीवर सांडलं."

आमच्या घरी दृष्टबिष्ट कुणी मानत नाही. पण परक्या माणसासमोर मी यांचा पाणउतारा केलेला. "चुकलं ताई," म्हटलं आणि मला रडूच आलं.

"बरं बरं. हिमाचलला निघशील ना, तेव्हा माझ्या घरी ये. तिथेच काढीन."

मी येते म्हटलं.