गुरुजींचा पाहुणचार

खात्यात त्याला सगळे घुम्या म्हणत, अर्थात पाठीमागे. गुप्तवार्तेत अठरा वर्षं दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात घालवलेल्या माणसाला आपलं टोपणनाव कळत नसेल, असं समजण्याइतके ते भोळे होते.

हा घुम्या आठ महिने एकाच माणसाच्या मागे हात धुऊन लागला होता. तो माणूस म्हणजे प्रार्थनागृहाचे गुरुजी. त्यांनी धर्माच्या नावावर एका पक्षाला मतं मिळवून दिली, आणि त्याविरुद्ध बोलणारे तिघे वर्षभरात आपापल्या दारात गोळी खाऊन पडले. तिसरा घुम्याचा मेहुणा, एका छोट्या साप्ताहिकाचा संपादक. दारातली फरशी बहिणीने स्वतःच्या हाताने धुतली होती. नात्यातलं प्रकरण म्हणून तपास त्याच्याकडून काढून घ्यायला हवा होता, पण साहेबांनी काणाडोळा केला. उपयोग शून्य. साक्षीदार एकेक करून फिरले, आणि गुरुजी मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

खात्याची एक रीत मात्र गुरुजींच्या टोळीलाही पाठ होती. चौकशीत जो तोंड उघडत नाही, तो दोन दिवसांनी लंगडत बाहेर येतो. जो उघडतो, तो तासाभरात, कपड्यांची इस्त्रीही न मोडता. असा इस्त्रीत परतलेला स्वतःचा ड्रायव्हर गुरुजींनी महिन्याभरात संपवला होता.

म्हणून घुम्याने त्यांना सकाळी अकराला बोलावलं आणि चहा पाजला. बिस्किटं पुढे केली, गुडघेदुखीची चौकशी केली, खुनांचं नावसुद्धा काढलं नाही. बारा वाजता त्यांना सरकारी गाडीत बसवून स्वतः शेजारी बसला. गुरुजी खुशीत होते. गाडी प्रार्थनागृहापाशी पोहोचली तेव्हा प्रार्थना नुकतीच सुटली होती. पायऱ्यांवर उभी असलेली आपली माणसं त्यांना दिसली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"गाडी फिरवा," ते कुजबुजले. "मला आत टाका. सगळं लिहून देतो. तिघांची नावं मला वरून आली होती. कुणाकडून आली, त्याचा पुरावा आहे माझ्याकडे."

याच वाक्यासाठी घुम्याने आठ महिने हाडाची काडं केली होती. पण त्याला बहिणीचे त्या दिवशीचे हात आठवले आणि डोक्यात तिडीक गेली. तो खाली उतरला. अदबीने दार उघडून त्याने गुरुजींना दंडाला धरून बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आभारी आहे, गुरुजी. तुमची फार मदत झाली."

चौथ्या दिवशी त्याच पायऱ्यांवर गुरुजींना त्यांच्याच माणसांनी गोळ्या घातल्या. घुम्याला मनापासून आनंद झाला, आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला. मग बहिणीकडे गेला. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्याने तिला सगळं सांगितलं, चहापासून पायऱ्यांपर्यंत. गुरुजी कसे गयावया करत होते, ते तर दोनदा सांगितलं.

तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

"वरून म्हणजे कुणाकडून, दादा?"

"ते विचारलं नाही."

"आणि तो पुरावा?"

घुम्याने तांब्याकडे हात नेला.

"म्हणजे ज्याने ह्यांना मारायला सांगितलं, त्याला तू वाचवलंस," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोरचा तांब्या उचलून आत निघून गेली.